वऱ्हाडात इंग्रजी भाषेचे अध्यापन : पाठमालेपासून पडद्यापर्यंत

धर्मग्रामाच्या महोत्सवाची स्मरणिका म्हटली म्हणजे तीत मंदिराच्या कोनशिलेचा, धर्मगुरूंच्या कारकीर्दींचा आणि सोहळ्यांचा वृत्तांत यावा हे योग्यच आहे. परंतु आपल्या धर्मसभेने जेथे मंदिर बांधले तेथे बहुधा शेजारी शाळाही उभी केली, आणि धर्मग्रामाचा निम्मा इतिहास त्या शाळेच्या बाकांवर घडला. म्हणून या प्रसंगी आम्ही एका शालेय विषयाचाच इतिहास वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. तो विषय म्हणजे आपल्या अमरावती-अकोला प्रांतातील इंग्रजीचे अध्यापन.

या विषयाची निवड करण्यास कारणही तसेच घडले आहे. हल्ली बहुतेक घरांत मोबाइल असतो आणि त्याच्या पडद्यावर इंग्रजी शिकविणारे हजारो धडे बिनमोल मिळतात. त्यामुळे कित्येक आईबाप असे विचारू लागले आहेत की, लंडनचा मनुष्य जर आमच्या घरात येऊन इंग्रजी बोलून दाखवितो, तर खेड्यातील मास्तरांची गरज ती काय? उलटपक्षी कित्येक जुने शिक्षक या साऱ्यास खूळ समजतात आणि पडद्याकडे पाठ फिरवितात. आमच्या मते हे दोन्ही पक्ष उतावळे आहेत. नवे साधन आले म्हणजे काय साधते आणि काय साधत नाही, याचा अनुभव वऱ्हाडाने दीडशेहून अधिक वर्षे घेतलेला आहे. तो एकदा नीट पाहिला पाहिजे.

परकी भाषा मनुष्याच्या ठायी तीन द्वारांनी येते : डोळा, कान आणि जिव्हा. वाचणारा डोळा, ऐकणारा कान आणि बोलणारी जिव्हा ही तिन्ही कामास लागली म्हणजेच ती भाषा आपली होते. वऱ्हाडातील इंग्रजीचा इतिहास म्हणजे यांपैकी एकेक द्वार किती उशिरा उघडले याचा इतिहास होय.

आरंभी एका उलट्या उदाहरणाचे स्मरण करणे उचित होईल. आपली भाषा शिकलेला पहिला ख्यातनाम इंग्रज हा एक कॅथोलिक धर्मगुरू होता. येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ साली निवर्तेपर्यंत याच भूमीत राहिले. त्यांच्यापाशी मराठीचा छापील कोश नव्हता व छापील व्याकरणही नव्हते. लोकांच्या मुखातून आणि लोकांच्या ग्रंथांतून त्यांनी भाषा उचलली. १५८३ साली आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात, येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन या भाषांशी मिळतीजुळती दिसते, असे त्यांनी नमूद केले. पुढे १६१६ साली रायतूर येथे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले, त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. त्यांनी कोकणीचे व्याकरणही रचिले व ते त्यांच्या पश्चात १६४० साली प्रसिद्ध झाले. येथे क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे : आधी कान, मग जिव्हा, मग लेखणी, आणि व्याकरण सर्वांच्या शेवटी. आपल्या वाट्यास इंग्रजी आली ती नेमक्या याच्या उलट क्रमाने.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मराठी व इंग्रजी यांच्यामधील पूल कागदाचा बांधला गेला. विल्यम केरी यांनी श्रीरामपूर येथे पंडित वैजनाथ यांच्या साह्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८१० साली कोश प्रसिद्ध केला. मोल्सवर्थ यांचा थोर मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली. हे ग्रंथ मुख्यतः साहेब लोकांस आपली भाषा यावी म्हणून निर्माण झाले. परंतु आपल्या लोकांनी तेच ग्रंथ उलट बाजूने हाती धरिले व त्यांवरून इंग्रजी शिकण्यास प्रारंभ केला. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईस ‘दर्पण’ पत्र सुरू केले, त्यात एका स्तंभात इंग्रजी व शेजारच्या स्तंभात मराठी मजकूर असे. आज पडद्याच्या तळाशी भाषांतराच्या ओळी धावतात, त्यांचे हे पूर्वरूपच म्हणावयाचे. वाचकाने एक डोळा इकडे व एक डोळा तिकडे ठेवून अर्थ जुळवावा, अशी ती योजना होती.

वऱ्हाडात इंग्रजीचा खरा शिरकाव १८५३ नंतर झाला. त्या वर्षी निजामाने हा प्रांत कंपनी सरकारच्या ताब्यात दिला आणि कचेऱ्यांचा वरचा व्यवहार इंग्रजीत चालू लागला. पुढे अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळे तेथील कापूस विलायतेस पोहोचेनासा झाला व वऱ्हाडच्या पांढऱ्या सोन्यास एकाएकी मोल चढले. मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला व बडनेरा यांवरून १८६७ साली नागपुरास पोहोचला. कापसाच्या गाठी, रेल्वेच्या पावत्या आणि तारा यांच्यासंगे इंग्रजी अक्षर बाजारपेठेत आले. ज्यास तार वाचता येई व अर्ज लिहिता येई त्यास नोकरी मिळे. अमरावती व अकोला येथील सरकारी हायस्कुलांकडे लोकांची पावले वळली ती विद्येच्या ओढीने जितकी, तितकीच पोटाच्या ओढीनेही. हे सांगण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. आजही गरीब बाप मुलास इंग्रजी शिकवितो तो याच आशेने.

त्या काळच्या अध्यापनाचे मुख्य साधन म्हणजे भाषांतर. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ठाऊक नाही असा जुना मॅट्रिक झालेला मनुष्य विरळाच. एका बाजूस मराठी वाक्य, त्याचे इंग्रजी करावयाचे. मग इंग्रजी वाक्य, त्याचे मराठी करावयाचे. आणि प्रत्येक धड्यास व्याकरणाची एक पायरी चढावयाची. या पद्धतीची हल्ली थट्टा होते. परंतु तिचे दोन मोठे गुण विसरता कामा नयेत. एक तर ती स्वस्त होती, एकच पुस्तक थोरल्या भावापासून धाकट्यापर्यंत चाले. दुसरे असे की ती मराठीचा हात सोडीत नसे. मुलास जे ठाऊक आहे त्यावर पाय ठेवून जे ठाऊक नाही तिकडे ती त्यास नेई.

या पद्धतीने तयार झालेल्या पिढीची योग्यता थोडी नव्हती. १८९७ साली अमरावतीस राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. अध्यक्ष सर शंकरन नायर हे मलबारचे होते. मलबारी, बंगाली, पंजाबी व वऱ्हाडी मंडळी एका मंडपात बसून इंग्रजीच्या द्वारे परस्परांचे मनोगत समजू शकत होती. अमरावतीचे वकील रंगनाथ नरसिंह मुधोळकर हे पुढे १९१२ साली त्याच सभेच्या बांकीपूर अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. १९२३ साली अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज स्थापन झाले व उच्च शिक्षणासाठी प्रांताबाहेर जाण्याची गरज काही अंशी उणी झाली. पापळसारख्या खेड्यात १८९८ साली जन्मलेले पंजाबराव देशमुख विलायतेस जाऊन ऑक्सफर्डची पदवी घेऊन आले आणि परत येऊन त्यांनी शिवाजी शिक्षण संस्थेच्या द्वारे वऱ्हाडच्या कुणब्याच्या मुलास शाळेची दारे उघडून दिली.

परंतु हे झाले निवडक लोकांविषयी. सामान्य विद्यार्थ्याची स्थिती अशी की तो इंग्रजी वाची, अर्जही लिही, पण बोलण्याची वेळ आली की त्याचे तोंड बंद होई. याचे कारण बुद्धीचे मांद्य नव्हते. त्याने ती भाषा कधी ऐकलीच नव्हती. इंग्रजी लिहिते एक व उच्चारते दुसरेच. ‘फोटोग्राफ’ या शब्दात जोर पहिल्या अक्षरावर पडतो, तर ‘फोटोग्राफी’ म्हणताच तो दुसऱ्यावर सरकतो आणि आधीचा स्वर बदलून जातो. मराठीत आघाताने अर्थ बदलत नसल्यामुळे आपल्या कानास त्याची सवय नसते. आपण देवनागरीला नवी वळणे दिली. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांसाठी अर्धचंद्र योजिला आणि ‘व’चे दोन इंग्रजी प्रकार निराळे दाखविण्यासाठी एकास ‘व्ह’ लिहिण्याचा प्रघात पाडिला. तथापि आघात व लय ही कोणत्याही लिपीत पुरती उतरत नाहीत, ती कानानेच घ्यावी लागतात. आणि कानास ऐकविणारे वऱ्हाडच्या खेड्यात कोणी नव्हते.

येथे आपल्या धर्मसभेच्या कार्याचा उल्लेख ओघानेच येतो. वऱ्हाड हा पूर्वी नागपूर धर्मप्रांताचा भाग होता. ८ मे १९५५ रोजी अमरावतीचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. या मुलखात सेवा करणारे संत फ्रान्सिस दि सेल्स यांच्या संघाचे मिशनरी मूळचे सॅव्हॉय प्रांतातील ॲनेसी येथून आले. त्यांची मातृभाषा फ्रेंच होती. नागपुरास त्यांनी शाळा काढिली व तीत इंग्रजी शिकविली. अर्थात ज्यांनी आपल्या लोकांस इंग्रजी शिकविली त्यांनी ती स्वतः परकी म्हणूनच कष्टाने कमाविली होती. ही गोष्ट आमच्या मते फार बोधप्रद आहे. इंग्रजी शिकविण्यास इंग्रजच हवा, हा समज आपल्याच इतिहासाने खोटा ठरविला आहे. ज्याने शिकण्याची अडचण सोसली आहे त्यासच शिकणाऱ्याची अडचण कळते. त्यांचे आश्रयदाते संत फ्रान्सिस हे शाब्ले प्रांतात लोक प्रवचनास येत ना, तेव्हा मजकूर कागदावर लिहून दारांखालून आत सरकवीत, म्हणून १९२३ साली पोपमहाशयांनी त्यांस लेखकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. परंतु कागद सरकवून ते स्वस्थ बसले नाहीत. पुढे ते त्या दारांतून स्वतः आत गेले.

आपल्या शाळांत इंग्रजी कानांवर पडे, कारण तेथे प्रार्थना, आज्ञा व खेळ ही इंग्रजीत चालत. याचा परिणाम असा झाला की वऱ्हाडात ‘कॉन्व्हेंट’ या शब्दाचा मठ हा अर्थ मागे पडला व कोणत्याही इंग्रजी माध्यमाच्या शाळेस, तेथे धर्मभगिनी असोत वा नसोत, लोक कॉन्व्हेंट म्हणू लागले. यात आपल्या शाळांचा गौरव आहे; पण एक उणीवही दिसते. इंग्रजी ऐकण्याची सोय ज्यांस फी देणे परवडते त्यांच्यापुरतीच राहिली, आणि आपल्याच धर्मग्रामातील मराठी शाळेत जाणारी मुले त्या सोयीच्या बाहेर राहिली.

कानाचे द्वार सर्वांस उघडण्याचे प्रयत्न जगात विसाव्या शतकात सुरू झाले. प्रथम तबकड्यांवरून भाषेचे धडे निघाले. १९३० साली ऑग्डेन यांनी अवघ्या ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ मांडली. मायकेल वेस्ट यांनी बंगालमध्ये शिकविताना, वाचनाच्या पुस्तकांत नवे शब्द बेताबेताने यावे, असा दंडक घातला. बी. बी. सी. ने १९४३ साली नभोवाणीवरून इंग्रजीचे धडे सुरू केले, आणि १९५९ साली व्हॉइस ऑफ अमेरिकेने मोजक्या शब्दांत, सावकाश बोललेल्या बातम्या देण्यास आरंभ केला. नागपूरचे नभोवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले. आज पडद्यावर जे सोपे, पायरीपायरीचे धडे दिसतात त्यांचे मूळ या प्रयत्नांत आहे. परंतु नभोवाणीचा वक्ता एकदाच बोले. धडा हुकला की हुकला, आणि पुन्हा सांगा म्हणण्याची सोय नव्हती.

ती सोय आंतरजालाने, म्हणजे ज्यास सर्वजण इंटरनेट म्हणतात त्याने, केली. हिंदुस्थानात ते सर्वसामान्यांस १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले, पण वऱ्हाडच्या खेड्यांत त्याचा खरा प्रसार २०१६ नंतर झाला, कारण त्या वर्षी मोबाइलवरील त्याचे दर एकदम कोसळले. मध्यंतरी २००० साली महाराष्ट्र सरकारने मराठी शाळांतूनही पहिलीपासून इंग्रजी सुरू केली होती. यापूर्वी ती पाचवीपासून असे. म्हणजे जे शिक्षक स्वतः पाचवीत इंग्रजीची मुळाक्षरे शिकले होते, त्यांजवर सहा वर्षांच्या मुलांस ती बोलावयास शिकविण्याचा भार पडला. अशा शिक्षकास नवे साधन हे वरदानच होते. २०१७ साली केंद्र सरकारची ‘दीक्षा’ ही शिक्षणाची योजना निघाली व बालभारतीच्या पुस्तकांवर चौकोनी संकेतचिन्हे छापली जाऊ लागली. मोबाइल त्या चिन्हावर धरताच धडा बोलू लागतो. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी हा प्रयोग आधीच करून दाखविला होता व त्यांस २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला.

या साधनांची कसोटी २०२० च्या मार्चमध्ये लागली. महामारीमुळे शाळा बंद झाल्या. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ व नागपूरच्या आकाशवाणीवर ‘शाळेबाहेरची शाळा’ हे कार्यक्रम सुरू झाले आणि शिक्षक मोबाइलवरून गृहपाठ पाठवू लागले. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती व अकोला येथे पुन्हा टाळेबंदी झाली, त्यामुळे आपल्या मुलांची ताटातूट इतरांहून अधिक लांबली. त्या काळात काय दिसले? ज्या घरी धडा संपल्यावर मुलास ‘काय ऐकलेस ते सांग’ म्हणणारे कोणी होते, तेथे मूल तरले. जेथे एकच मोबाइल होता आणि तो बापाबरोबर सकाळी कामावर जाई, तेथे धडे आकाशातच राहिले. साधन एकच असूनही फळ निरनिराळे आले, ते भोवतालच्या माणसांमुळे.

तेव्हा पडद्याचे गुण व मर्यादा सरळ सांगतो. तो थकत नाही. एकच वाक्य शंभर वेळा, हवे तितके सावकाश ऐकवितो. पूर्वी अमरावतीच्या श्रीमंतासही जे दुर्लभ होते ते शुद्ध उच्चारण आज मोर्शीच्या संत्राबागेतील रखवालदाराच्या मुलीस मिळू शकते. आता तर तो थोडेबहुत ऐकूही लागला आहे. गुगल कंपनीने २०१९ साली हिंदुस्थानात प्रथम आणलेले ‘बोलो’, जे पुढे ‘रीड अलाँग’ या नावाने चालले, ते मुलाने मोठ्याने वाचलेला शब्द चुकला तर तो दाखवून देते. ही प्रगती सामान्य नव्हे. परंतु ठरलेला शब्द बरोबर उच्चारणे निराळे आणि मनातला विचार परक्या भाषेत मांडणे निराळे. त्यासाठी समोर असे माणूस लागते की ज्यास आपले म्हणणे खरोखर जाणून घ्यावयाचे आहे. चुकलेल्या मुलाचा चेहरा उतरला हे पाहून शब्द बदलणारा शिक्षकच लागतो.

दुसरी मर्यादा भाषेची. दूरच्या धड्यास आपले मूल कोठून येते हे ठाऊक नसते. वऱ्हाडी मुलगा ‘तो रोज जाते’ आणि ‘तो आता जाऊन राहिला’ हे दोन प्रकार घरीच निराळे बोलतो. इंग्रजीतील ‘ही गोज’ व ‘ही इज गोइंग’ यांतील भेद नेमका हाच आहे. शहाणा शिक्षक मुलाच्या तोंडची वऱ्हाडी हसण्यावारी न नेता तिचाच पूल करतो व अर्ध्या तासाचे व्याकरण दोन मिनिटांत समजावितो. त्याचप्रमाणे ‘मी अकोल्यास जातो’ यात क्रियापद शेवटी व प्रत्यय नामामागे येतो, तर ‘आय गो टु अकोला’ यात क्रियापद मध्येच येऊन बसते व ‘टु’ नामापुढे उभे राहते. हे जुळवून दाखविणे तर्खडकरांस साधले होते. लंडनच्या धड्यास ते साधत नाही. आणि मेळघाटच्या कोरकू मुलाचा विचार केला तर प्रश्न आणखी खोल जातो. त्याची घरची कोरकू भाषा मुंडा कुळातील, मराठीहून सर्वस्वी निराळी. त्यास मराठी हीच शिकावी लागते. इंग्रजी ही त्यावरची दुसरी चढण. त्याच्या कित्येक पाड्यांवर मोबाइलचा संदेश अजून धड पोहोचत नाही, आणि जेथे पोहोचतो तेथे त्याच्या भाषेतून इंग्रजीस नेणारा धडा सापडणे कठीण. त्यास तारणारा एकच : दोन्ही भाषा जाणणारा, पाड्यावर राहणारा शिक्षक.

यावरून आम्ही आपल्या धर्मग्रामस्थांस काही विनंती करू इच्छितो. मुलाच्या हाती मोबाइल देऊन त्यास कोपऱ्यात बसवू नये. शाळेच्या किंवा मंदिराच्या एखाद्या खोलीत सायंकाळी दहा-बारा मुले एकत्र जमवावी, एकच पडदा सर्वांपुढे ठेवावा, दहा मिनिटे धडा ऐकावा, आणि पडदा झाकून वीस मिनिटे एकमेकांशी त्याच वाक्यांत बोलावे. अर्थ मराठीत विचारण्याची मोकळीक असावी, किंबहुना तो मराठीतच पक्का करावा. आपल्या धर्मग्रामात निवृत्त शिक्षक, धर्मभगिनी व कॉलेजात जाणारे तरुण आहेत. त्यांनी आठवड्यातून दोन सायंकाळी दिल्या तरी पुरे. कॉन्व्हेंटच्या फीअभावी जी मुले आजवर कानाने उपाशी राहिली, त्यांच्यासाठी हे प्रथम करावे. आणि ज्या आईबापांस इंग्रजी येत नाही त्यांनी संकोच धरू नये. ‘आज काय शिकलास, मला सांग’ एवढे विचारण्यास इंग्रजी लागत नाही, आणि मुलाची जिव्हा सुटण्यास त्या प्रश्नाची मदत फार होते.

इंग्रजीस वाघिणीचे दूध म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. ते पिऊन कोणी आपल्या आईस विसरावे असे नाही. फादर स्टीफन्स मराठीत ओव्या रचू लागले म्हणून त्यांची इंग्रजी गेली नाही. तसेच आपली मुले इंग्रजी बोलू लागली तरी त्यांची प्रार्थना, त्यांची गाणी व घरचे बोलणे मराठीत राहो. या महोत्सवानिमित्त जी खोली वरील कामास मोकळी होईल, तीत पुढील जूनपासून पहिला वर्ग बसावा, एवढीच आमची मागणी आहे.